न पडलेली घडी

"टप बघा की! बावीस वर्षं झाली, पण कापडाला घडीची एक रेघ नाही," विकायला काढलेल्या गाडीच्या, मागे दुमडणाऱ्या कापडी छतावरून हात फिरवत अच्युतराव म्हणाले.

गिऱ्हाईक खूश झालं. त्याने सोबत आणलेल्या दस्तगीर मिस्त्रींनी मात्र खाली वाकून पत्रा ठोकून पाहिला, पायाखालचं मॅटिंग उचलून ओल चाचपली आणि मग टपाच्या कापडावर अंगठा दाबला.

"घडीची रेघ नाही, म्हणजे टप कधी उघडलाच नाही. काका, एकदा उघडून बघावा लागेल."

अच्युतरावांची नजर काचेतून आत गेली. दर रविवारी त्यांची बायको शालन डोक्याला रुमाल बांधून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसायची आणि म्हणायची, "आज तरी उघडा ना हो." कधी ऊन असायचं, कधी धूळ. "कापड खराब होईल गं, थंडीत उघडू," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ती गेली त्या आठवड्यात, दवाखान्यात नेतानाही तिने वर बोट दाखवलं होतं. त्यांनी काच तेवढी खाली केली होती.

मिस्त्रींनी खिट्ट्या सोडल्या आणि टप मागे ओढला. कडक झालेलं कापड वाकलंच नाही. मधोमध टरकन फाटलं.

"वापरात असता तर टिकला असता," हात झटकत मिस्त्री गिऱ्हाइकाला म्हणाले.

अच्युतराव आत बघत राहिले. शेजारच्या सीटवर पहिल्यांदाच ऊन पडलं होतं.