वाकडी वीण

"माझेच वेत आणि मलाच अंघोळ नाही!" चिमणी न्हाणीच्या दारातून ओरडली.

त्या कॅम्पर गाडीतली न्हाणी म्हणजे उभं कपाटच. तिच्या तळाशी टोपल्यांचे वेत पाण्यात भिजत पडले होते. सुकला की वेत मोडतो, त्यामुळे निघाल्यापासून तिघंही पारोशीच होती. गाडी दादाची. दादा लाकडी चमचे कोरायचा आणि गाडी हाकताना सुद्धा तोंडाने बाकीच्यांचे कान कोरत असायचा.

चिमणी, दादा आणि माई, तिघं कारागिरांच्या मेळाव्याला निघाली होती. गेल्या वर्षी जाणं झालं नव्हतं. चिमणी अंथरुणाला खिळली होती आणि माईचे यजमान गेले होते. माईला वेत चिरून, तासून तेच द्यायचे. ते गेल्यापासून तिने वेताला हात लावला नव्हता. "माझं विणणं झालं आता," ती सरळ सांगायची. यंदा ती नुसती सोबत म्हणून आली होती, तीही चिमणीच्या काळजीपोटी.

चिमणी दुखण्यातून उठली होती खरी, पण तिचे हात थरथरायचे. चहाचा कप बशीत वाजायचा. आणि मेळाव्याचा रिवाज असा, की आपण केलेली एक वस्तू टेबलावर ठेवायची, तिथेच बसून थोडं काम करून दाखवायचं, मग कारागिराचा पिवळा बिल्ला. नाहीतर पाहुण्याचा पांढरा.

"पांढरा बिल्ला लावून मी तिथे मिरवणार नाही," चिमणीने बजावलं होतं. "त्यापेक्षा घरी मटार सोलत बसेन. गाडीतच टोपली पुरी करते बघ."

पहिल्या थांब्यावर दादा म्हणाला, "चल चिमणे, पाय मोकळे करून येऊ. माई, तू बस. गाडीकडे लक्ष ठेव."

दोघं गेली. माईने चिमणीची टोपली सहज हातात घेऊन फिरवून पाहिली. एक बाजू फुगलेली, दुसरी बसलेली. अशी टोपली टेबलावर गेली तर लोक हसणार नाहीत, हळहळतील. चिमणीला ते जास्त लागेल. माईने इकडेतिकडे पाहिलं, वरच्या ओळी उसवल्या आणि भराभर पुन्हा विणून टाकल्या. हे काही विणणं नव्हे, तिने स्वतःला समजावलं, ही नुसती डागडुजी.

चिमणी परतली. टोपली फिरवून पाहत म्हणाली, "बरी दिसतेय की गं माझी."

"तुझीच आहे. बरी दिसणारच," माई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पण दुपारी चिमणीचं बिनसलं. "ही कांद्यांना होईल," म्हणून तिने ती टोपली बाजूला टाकली आणि नवी मांडली. मांडते न मांडते तोच दादाचं इंजिन तापलं. आता निवांत झाडाखाली जेवू या, असं म्हणून माईला पुन्हा गाडीच्या राखणीला बसवून तो डबे आणि चिमणी दोघांनाही घेऊन गेला.

माईने नवं बूड पाहिलं आणि कपाळाला हात लावला. उभ्या काड्या सम घेतल्या होत्या! एकच वेत पुढून-मागून फिरवायचा तर काड्या विषम लागतात, नाहीतर वीण धरतच नाही. हात थरथरले म्हणून मोजणीही चुकावी? दुखण्याने बिचारीचं डोकंही थकवलं, दुसरं काय.

सगळं मोडून मांडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एक काडी कमी पडत होती, म्हणजे वेत चिरणं आलं. सुरी उचलली आणि माईचा हात अडला. हे काम त्यांचं होतं. ती जराशी रडली. मग तिने वेत चिरला. थोडा जाडा-बारीक झाला, पण चिरला.

पुढे हात आपोआप चालले. बूड झालं, कड उभी राहिली, पिळाचा काठ बसला. जेवायचं राहिलंय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. कितीतरी महिन्यांनी तिला बरं वाटत होतं, आणि त्या बरं वाटण्याची तिला अजिबात लाज वाटली नाही.

चिमणी आली. तयार टोपलीकडे पाहिलं, माईकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाली, "इंजिन थंड झालं म्हणे."

मेळाव्याच्या दारात मात्र माई थबकली. टोपली चालून जाईल, पण करून दाखवायला सांगितलं तर? माईच्याच मदतीने चिमणीची चारचौघांत शोभा होणार होती.

"कुणाची ही?" टेबलामागच्या बाईने टोपली उचलून विचारलं. "काठ काय सुरेख बसलाय!"

"हिची," माई घाईने म्हणाली. "पण प्रवासाने दमलीय ती. करून दाखवायचं उद्यावर..."

"माझी कुठली?" चिमणीने खुर्ची ओढून माईला तिच्यावर बसवलं. "हिने केलीय, बुडापासून काठापर्यंत. पिवळा बिल्ला हिला द्या."

"अगं, मग तू?" माई कुजबुजली. "तू पांढरा लावणार?"

"मी कशाला लावू?" चिमणीने पिशवीत हात घालून झाकणाची एक इवलीशी टोपली काढली, दोऱ्याएवढ्या बारीक वेताची, आणि टेबलावर ठेवली. "ही माझी. निघायच्या आदल्या दिवशीच पुरी झाली." मग तिने पिशवीतून तसलाच एक वेत काढला आणि टेबलामागच्या बाईला विणून दाखवायला लागली. तिचा हात जराही थरथरत नव्हता.