तोंड उघडा

ट्रस्टच्या दवाखान्यात गुटखा खाणाऱ्यांचं ऑपरेशन मोफत होत नव्हतं. अजीजच्या गालात गाठ होती. खांडबाऱ्याहून निघाल्यापासून त्याची बायको हलीमा त्याला बजावत होती, "डॉक्टरनी इचारं तं गुटखा कधीच खादा नही म्हना." प्रत्येक वेळी तो मान हलवायचा.

आत गेल्यावर डॉक्टरांनी काही विचारलंच नाही. बॅटरी लावून ते म्हणाले, "तोंड उघडा."

अजीजने सगळा जोर लावला. घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं, पण गुटख्याने आखडलेला जबडा बोटभरही उघडला नाही.

डॉक्टरांनी बॅटरी बंद केली. "इथला नियम माहीत आहे ना?"

हलीमाने अजीजच्या जबड्याकडे बोट दाखवलं.

"साहेब, सजा तं यास्ले भेटी गई," ती म्हणाली. "आते इलाज भेटी ना?"