बहात्तर चौरस यार्ड

"नाही बाई, चोवीस," मुलगी म्हणाली.

गणिताच्या बाईंचा हात फळ्यावरच थांबला. त्यांनी नुकतंच मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खोली अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, म्हणजे दोनशे सोळा चौरस फूट, म्हणजेच बहात्तर चौरस यार्ड. यार्डात तीन फूट, म्हणून तीननं भागायचं, असं वर ठासून सांगितलंही होतं.

मुलीनं तोंड उघडलं आणि बाईंना चूक दिसली. लांबी असेल तर तीन. क्षेत्रफळ असेल तर तीन त्रिक नऊ. बावीस वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी नऊच म्हणाल्या असत्या. पण आज शेवटच्या बाकावर शाळा तपासायला आलेले साहेब मांडीवर कागद घेऊन बसले होते, आणि त्यांच्या पेनाकडे लक्ष ठेवता ठेवता बाई घसरल्या होत्या.

'चुकलं गं माझं,' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात साहेबांनी मान वर केली.

"बहात्तर," त्या म्हणाल्या.

"पण बाई, नवानं भागायचं ना? एका चौरस यार्डात नऊ..."

ही मुलगी एरवी इतकी हळू बोलायची की वर्गात तिचं नावच 'हळूबाई' पडलं होतं. आज मात्र तिचा आवाज पार साहेबांपर्यंत पोचत होता.

"उभीच राहा आता, तास संपेपर्यंत!" बाई कडाडल्या. "घरी शिकवायला कोणी नसेल, तर वर्गात तरी कान उघडे ठेवावेत माणसानं."

पोरं फिदीफिदी हसली. साहेबही गालातल्या गालात हसले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मुलगी बाकाची कड नखानं खरवडत उभी राहिली. बाईंनी उरलेला तास तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. बाकी सगळ्यांनी वहीत बहात्तर उतरवून घेतलं.

जाताना साहेब म्हणाले, "वर्गावर चांगली पकड आहे हं तुमची." मुख्याध्यापकांनी ते चारचौघांत पुन्हा सांगितलं. बाईंना कुठे तोंड लपवावं ते कळेना. घरी त्यांनी ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं. नवऱ्यानं विचारलं, तर "डोकं दुखतंय" म्हणाल्या. सकाळपर्यंत मात्र त्यांनी एक पळवाट शोधून ठेवली होती.

"काल मी मुद्दाम चुकीचं लिहिलं होतं," वर्गात शिरताच त्या म्हणाल्या. "म्हटलं बघू या, जागं कोण आहे आणि नुसती मुंडी कोण हलवतंय!"

वर्ग खो खो हसला. "आम्हाला वाटलंच होतं, बाई!" अशी एकानं थापही मारली. बाईही हसल्या. त्यांना हायसं वाटलं.

"जागी होती एकटी हळूबाई. आण गं तुझी वही, दाखवू दे सगळ्यांना."

मुलगी जागची हलेना. शेवटी बाईच तिच्या बाकापाशी गेल्या आणि त्यांनी वही उघडली. चोवीसवर पट्टीनं ओढलेली सरळ रेघ होती. खाली, वळणदार अक्षरात, बहात्तर.

"हे कोणी खोडायला लावलं?"

"बाबांनी."

"काय करतात बाबा?"

"फरश्या बसवतात."

बाईंच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उभा जन्म गुडघ्यांवर बसून जमिनी मापणारा माणूस. त्याला हे ठाऊक नसेल? मागे पोरांचं हसणं अजून चालूच होतं. ते त्यांना सहन होईना.

"गप्प बसा," त्या म्हणाल्या. "मी आत्ता खोटं बोलले. मुद्दाम बिद्दाम काही नव्हतं. मी चुकले होते. हिनं सांगितलं त्याच क्षणी मला ते कळलं होतं. तरी मी हिला उभं केलं, नाही नाही ते बोलले. साहेबांसमोर माझं हसं होऊ नये म्हणून."

बाईंच्या छातीवरचा दगड उतरला होता. त्यांनी मुलीच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबांना सांग, तुमची मुलगी बरोबर होती. चुकल्या त्या बाई. भागायचं नवानंच."

"त्यांना माहीत आहे, बाई. त्यांनीच तर शिकवलंय मला."

"अगं, मग खोडायला का लावलं?"

मुलीनं मान खाली घातली. आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता. ऐकायला बाईंना वाकावं लागलं.

"ते लहान असताना त्यांच्या गुरुजींना एकदा म्हणाले होते, गुरुजी, तुमचं चुकलं. त्यानंतर ते शाळेत गेलेच नाहीत."