मिचण्या

खिंडीच्या नाक्यावर नायक तुआन खुईने मुलीला थांबवलं. चौदा वर्षांची असेल.

"गाव?"

"शिसुई, काका. इथलंच, चाओ राज्यातलं."

शिसुई हे खुईचंच गाव. बोलीही हुबेहूब तिथलीच होती.

"मग यंदा राळं कसं आलंय?"

"कुठलं काय! सगळं मिचण्यांनी खाल्लं."

शिपाई खो खो हसले. "अगं, चिमण्या! एवढी घोडी झाली तरी बोबडीच!"

खुई हसला नाही. चिमण्यांना मिचण्या म्हणणारा जगात एकच होता, त्याचा धाकटा भाऊ लू. सोळा वर्षांपूर्वी तो भांडून शत्रूच्या, छिनच्या राज्यात निघून गेला होता. मुलीला ही बोली कुणी शिकवली, ते खुईला कळलं. हेर सापडला की मान उडवायची, असा हुकूम होता.

त्याने शिपायांना घोडे पाण्यावर न्यायला पाठवलं आणि मुलीला परतीच्या वाटेवर लोटलं. "तुझ्या गुरुजींना सांग, आधी स्वतः चिमण्या म्हणायला शीक. अशाने पोरं हकनाक मरतील."

पुढच्या सुगीला दुसरी मुलगी आली. तेच गाव, तीच बोली. खुई तेव्हा नाक्यावर एकटाच होता.

"राळं कुणी खाल्लं?"

"चिमण्यांनी," ती म्हणाली. मग इकडेतिकडे बघत हळूच पुढे म्हणाली, "पण हे विचारणारा एकटाच असेल, तर मिचण्यांनी म्हणायचं. गुरुजी म्हणतात, दादा हसतो."