एक मिनिटाची मुभा

"जा. एक मिनिट. भेट आणि ये," घोळक्यातला सगळ्यात जुना सायकलपटू पाणक्याला म्हणाला, आणि बाकीच्यांनी पाय सैल सोडले.

शर्यतीच्या नियमांत हे कुठे लिहिलेलं नाही. पण ज्याच्या गावावरून रस्ता जातो त्याला पुढे सोडायचं, घरच्यांना भेटू द्यायचं आणि तेवढा वेळ कुणी वेग वाढवायचा नाही, हे दीडशे जण न सांगता पाळतात. एकवीस दिवस एकमेकांच्या उरावर बसणाऱ्या माणसांत तेवढीच काय ती माणुसकी शिल्लक असते.

पाणक्या हे काही त्याचं नाव नव्हे. टीमच्या गाडीकडून आठ-आठ बाटल्या शर्टात कोंबून पुढे नेऊन द्यायच्या आणि उरलेला दिवस साहेबाच्या पुढे राहून त्याच्या वाटचा समोरचा वारा आपल्या अंगावर झेलायचा, हे त्याचं काम. साहेब म्हणजे टीमचा म्होरक्या, पाणक्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. जिंकायचं ते साहेबाने. बारा वर्षं पाणक्याचे वडील टीव्हीसमोर बसून मुलाला शोधायचे आणि शेवटी टीव्हीलाच विचारायचे, "आमचा कुठंय?"

आज ते टीव्हीसमोर नव्हते. पाच किलोमीटरच्या चढावर, पार वरच्या पेट्रोल पंपाशी, चाकाच्या खुर्चीत बसून डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होते. डॉक्टरांनी त्यांना चार-पाच दिवस दिले होते. शर्यत संपायला नऊ दिवस होते. नजर अधू झालेली, आणि टीममधल्या सगळ्यांचे शर्ट लाल, हेल्मेट तेच, गॉगल तेच. म्हणून सकाळी मेकॅनिकने पाणक्याच्या हँडलला पिवळी पट्टी गुंडाळून दिली होती, आणि बहिणीने फोनवर सांगितलं होतं, "बाबांना दहादा बजावलंय. पिवळं हँडल तो आपला."

पाणक्या घोळक्यातून पुढे सुटला. चढ सुरू झाला तोच कानातल्या रेडिओतून मॅनेजर ओरडला, "साहेबाचा गिअर मोडला! गाडी मागे अडकलीय. थांब आणि तुझी सायकल दे!"

टीमने पाणक्याला घेतलं होतं तेच मुळी उंची बघून. त्याच्या आणि साहेबाच्या सीटमध्ये मिलिमीटरचा फरक नव्हता.

"सर, फक्त एक मिनिट..."

"आत्ता!"

तो कडेला थांबला. साहेब अडकल्याची बातमी घोळक्यात पोचायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या टीमने उचल खाल्ली आणि मुभा तिथेच संपली. दीडशे सायकली सणसणत त्याच्या अंगाला घासून गेल्या. मग एका पायाने रस्ता ढकलत साहेब आला, स्वतःची सायकल गवतात फेकून त्याने पाणक्याची ओढून घेतली.

"दादा, ही पट्टी कसली?" त्याने विचारलं, आणि उत्तराला न थांबता गेला.

गाडी यायला तीन मिनिटं लागली. मेकॅनिकने टपावरची जादा सायकल उतरवली. तिचं हँडल काळं होतं. त्याने एकदा पाणक्याकडे पाहिलं, पिवळ्या पट्टीसाठी खिसे चाचपले आणि मान हलवली.

"साहेबाने घोळका गाठलाय, एकेकाला मागे टाकत निघालाय!" मॅनेजर खिडकीतून म्हणाला. "तू कुठे रेंगाळू नकोस. वेळेत पोचला नाहीस तर शर्यतीबाहेर. उद्या तू लागणार आहेस आम्हाला."

खड्ड्यात गेला उद्या, पाणक्या मनात म्हणाला. तो थांबणार होता. एक नाही, पाच मिनिटं थांबणार होता. परवाच्या पडण्यात सोलवटलेली मांडी पुन्हा रक्ताळली होती, तोंडाला कोरड पडली होती, पण चढ संपेपर्यंत तो एकदाही सीटवर टेकला नाही.

पेट्रोल पंप दिसला. लोक पांगायला लागले होते. आधी बहीण दिसली, मग खुर्ची, मग खुर्चीतले वडील. वडील केवढेसे झाले होते. त्याने ब्रेकवर बोटं ठेवली.

आणि त्यांचा आवाज आला. बसका, तरी सगळ्या पंपाला ऐकू जाईल असा.

"बघितलंत ना? सगळ्यात पुढे! एकटा! मागे चिटपाखरू नाही!" ते शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून सांगत होते. "बारा वर्षं शोधत होतो हो त्याला. थांबला नाही, तेच बरं केलं. जिंकणारा थांबतो का कधी?" ते हसत होते आणि डोळ्यांतून धार लागली होती.

बहिणीने पाणक्याला पाहिलं. हाक मारायला तिने हात उचलला. मग तिची नजर वडिलांच्या चेहऱ्यावर गेली, आणि हात तसाच राहिला.

बाबा, तो मी नव्हे, हा मी. ओठांपर्यंत आलेले शब्द त्याने गिळले. ब्रेकवरची बोटं काढून घेतली. चढ उभा होता, सायकल चालत्या माणसाच्या वेगाने वर सरकत होती. हात लांबवला असता तर खुर्चीला लागला असता. त्याने मान खाली घातली.

मागे पडलेला एकटा सायकलवाला वडिलांना अंधुक दिसला. जिंकणाऱ्याच्या बापाला शोभेल अशा मोठ्या मनाने त्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"चल, चल, पोरा! थांबू नकोस! तुझीही कुणीतरी वाट बघत असेल!"