तिसऱ्या कडव्यानंतर

ध्वनिमुद्रकाने हेडफोन पुढे केला. “ऐका, शाहीर! घरच्या कॅसेटवरचं गाणं वाटतच नाही. साफ करून इंटरनेटवर टाकलं, आठवड्यात पाच लाख लोकांनी ऐकलं.”

केरबा शाहिरांनी ते विरहगीत घरी गायले होते, तेव्हा बायको शेजारीच भाकऱ्या थापत होती. तिसरे कडवे संपताच ती हसून म्हणाली होती, “कुनासाठी रडताय? मी हाय की हितं!” तेही कॅसेटवर उतरले. आत्मा वगैरे शाहीर मानत नसत. ती गेल्यावर तिचे उरले ते एवढेच.

“मध्येच कुणी बाई बोलत होती. काढून टाकली,” ध्वनिमुद्रक म्हणाला.

“मूळ कॅसेट?”

“बुरशीनं पट्टी तुटली, शाहीर. आता हीच एक प्रत.”

तिसरे कडवे संपले. शाहीर तरीही जिवाचे कान करून ऐकत राहिले. चार सेकंद नुसते तुणतुणे वाजले. मग चौथे कडवे सुरू झाले.