ठेंगणं दार

बैहरजवळचा तो डाकबंगला एका इंग्रजानं आपल्या गावच्या जुन्या सराईसारखा बांधला होता. काळ्या तुळया, दगडी शेकोटी आणि फार ठेंगणी दारं. माझे उंच बाबा त्याच्या दुरुस्तीचं काम बघत आणि दर वेळी दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेत. गेल्या आठवड्यात ते तिथंच झोपेत वारले, बंगला बांधणाऱ्या त्या इंग्रजासारखेच.

"तिथं जाऊन त्यायले घरी चला म्हण," आई म्हणाली. "अन् मांगं वळून पाहू नको. नाहीतर ते तिथंच राह्यतीन."

माझा विश्वास नव्हता. पण आई तेव्हापासून धड जेवली नव्हती.

बंगल्यातल्या त्यांच्या रिकाम्या खाटेपाशी मी हळूच म्हणाले, "बाबा, घरी चला."

मी बुटकी, दारातून न वाकता बाहेर पडले. म्हातारा चौकीदार महागू कुलूप घेऊन उभा होता.

"झालं का, ताई?"

"हौ."

त्याची नजर माझ्या डोक्यावरून मागं गेली.

"वाका, साहेब," तो सवयीनं म्हणाला.

लाकडावर डोकं आपटल्याचा ओळखीचा आवाज आला. माझे डोळे भरले.

मग त्यांच्याही मागून तसाच आणखी एक आवाज आला.